वेळास येथील सागरी कासव संवर्धन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विष्णूच्या कूर्मावतारामुळे व देवळाच्या सभामंडपातील दगडी कासवामुळे मराठी समाजात कासवाला पूज्य स्थान आहे. तथापि ज्या कोकणात कासवाला नमस्कार केला जातो, तेथेच सागरी कासवाची अंडी खाल्ली व विकली जात होती. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास (ता. मंडणगड) या गावाने हा विसंवाद कसा दूर केला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कासवाचे जीवन :
ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते व समुद्रात परतते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. तोपर्यंत अंड्यांना राखण नसते. मादीने वाळूवर उमटविलेला माग माणसाला व कुत्र्या-कोल्ह्यांना थेट घरट्यापर्यंत नेतो.

संवर्धनाची वाटचाल :
वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये झाला व पुढे या कासवाला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण लाभले. परंतु केवळ कायद्याने अंड्यांची चोरी थांबली नाही. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने वेळासला काम सुरू केले. पहाटे घरटी शोधून अंडी कुंपणातील तशाच खड्ड्यांत ठेवण्याचे काम स्थानिकांनी स्वीकारले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पर्यटकांच्या घरगुती निवास-भोजनातून गावाला उत्पन्न मिळू लागले. अंडे विकण्यापेक्षा पिल्लू समुद्रात सोडणे गावाच्या हिताचे ठरले.

संशोधनालाही यातून चालना मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या ‘प्रथमा’ या मादीला उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र बसविण्यात आले. २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचा परस्परसंबंध त्यामुळे नव्याने तपासावा लागणार आहे.

निष्कर्ष :
कायद्याने मनाई केली, पण रक्षण गावाने केले. माग ओळखण्याचे जे ज्ञान अंडी काढण्यास उपयोगी पडे, तेच संवर्धनाचे साधन बनले. मात्र पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात. किनाऱ्यावरील दिवे त्यांची वाट चुकवितात. म्हणून ज्या पर्यटनाने कासव वाचविले, त्याला मर्यादा घालणे हे यापुढे गावाचेच कर्तव्य ठरते.