तार तुटली तर? फाइल नेणाऱ्या सहा आज्ञांचा इतिहास

१/ वरूडचा संत्रा दूरच्या बाजारात पाठवताना अंतरापेक्षा वाटेची चिंता अधिक असते. फाइलचेही तसेच आहे. ९६०० बिट प्रतिसेकंद या वेगाने एक एमबीची फाइल यायला सुमारे १४ मिनिटे लागतात. तेराव्या मिनिटाला तार तुटली तर? आणि वाटेत कुणी डोकावले तर? संगणकाला टंकून दिल्या जाणाऱ्या आज्ञांचा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो. #इतिहास

२/ एफटीपी. तिचा पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ चा. लेखक अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, तेव्हा एमआयटीत. अर्पानेटवरील संशोधन केंद्रे परस्परांना ओळखत होती. म्हणूनच पुढेही एफटीपीत संकेतशब्द उघडाच प्रवास करीत राहिला.

३/ यूयूसीपी. बेल लॅब्जमधील माइक लेस्क यांची निर्मिती. १९७९ च्या युनिक्ससोबत ती सर्वत्र गेली. कायमची तार नाही हे तिने गृहीतच धरले होते. फाइल रांगेत ठेवायची, फोन लागला की पुढच्या यंत्राकडे सोपवायची.

४/ भारतातील अर्नेटची सुरुवातही अशा फोनजोडण्यांवर झाली. जुहूचे एनसीएसटी आणि पवईचे आयआयटी हे तिचे आरंभीचे दुवे. १९८९ मध्ये एनसीएसटी अमेरिकेशी जोडले गेले, ते ९६०० बिटांच्याच तारेने. सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत आणि तेही मोजक्या महानगरांत. वरूड त्या यादीत नव्हते.

५/ एससीपी. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात संकेतशब्दांची चोरी झाली. तातू युलोनेन यांनी त्यावर एसएसएच रचली, एससीपी तिच्यासोबतची. आता फाइल कुलूपबंद जाऊ लागली. डोकावणाऱ्याचा बंदोबस्त झाला. तार तुटली की मात्र पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

६/ डब्ल्यूगेट. जानेवारी १९९६, क्रोएशियाचे ह्रव्होये निकशिच. संथ आणि बेभरवशाच्या जोडणीसाठीच ती घडवलेली. तार तुटली की ती पुन्हा प्रयत्न करते. समोरच्या यंत्राची अनुमती असेल तर राहिलेला भागच आणते.

७/ आरसिंक. जून १९९६, ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास. शंभर पेट्यांतील चार बदलल्या असतील, तर सारा ट्रक पुन्हा कशाला धाडायचा? आरसिंक दोन्हीकडच्या प्रतींची तुकड्यातुकड्याने पडताळणी करते आणि केवळ बदललेला भाग पाठवते.

८/ कर्ल. २० मार्च १९९८, स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग. चलनांचे दर आणण्याच्या छोट्या कामातून ती वाढली. अनेक प्रकारच्या संकेतव्यवस्था तिला कळतात. डब्ल्यूगेट संपूर्ण संकेतस्थळ उतरवून घेते; कर्ल एकेक मागणी अचूक पोहोचवते आणि उत्तर पुढील आज्ञेच्या हाती देते.

९/ निवाडा काळाने केला. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स यांनी एफटीपीला निरोप दिला. २०२२ मध्ये ओपनएसएसएचने एससीपीचे नाव राखून तिची जुनी कार्यपद्धती बदलली. डब्ल्यूगेट, आरसिंक आणि कर्ल आजही रोज राबतात.

१०/ यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? प्रत्येक साधनात त्याच्या निर्मात्याने गृहीत धरलेला वापरकर्ता दडलेला असतो. विदर्भाच्या ग्रामीण भागाने तासन्‌तास भारनियमन सोसले आहे. तेथे ‘राहिले तेथून पुढे’ ही सोय चैनीची नसते. आजही वीज गेल्याबरोबर भरलेला ऑनलाइन अर्ज कोरा होतो, तेव्हा तो रचणाऱ्याने वरूडचा विद्यार्थी गृहीत धरलेला नसतो. १९९६ मध्ये त्याचा उपाय सापडला होता.