लॅटिन शब्द आणि मामा सुसानचे घर

भयकथेचा आणि आपल्या त्रैमासिकाचा संबंध काय, असे वाचक विचारतील. आम्हासही प्रथम तसेच वाटले होते. फिलिपाइन्समध्ये बॉब ओंग या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची 'आंग म्गा काइबिगान नी मामा सुसान', म्हणजे 'मामा सुसानचे स्नेही', ही कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली. २०२३ साली तिच्यावर चित्रपटही निघाला; परंतु त्या देशाबाहेर तिची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही.

गालो हा विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून रोजनिशी लिहू लागतो आणि पुढे आजीकडे, तार्मानेस गावी जातो. तेथे घरभर संतांच्या मूर्ती आणि लॅटिनमध्ये प्रार्थना करणारी माणसे. मूर्ती आणि प्रार्थना तर आपल्याही घरी असतात. मग अंगावर काटा का येतो? शब्द ओळखीचे आणि अर्थ अनोळखी, यातच ते भय दडले आहे, असे आम्हास वाटते. त्यास तेथील इतिहासाचा आधार आहे.

१५९३ साली मनिलात 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' हा ग्रंथ छापला गेला आणि प्रार्थना तागालोग भाषेत आल्या. (त्याच वर्षी आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिलाहून जपानला निघाले.) मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली. न समजणाऱ्या त्या शब्दांत काही अद्भुत बळ आहे, असे लोकांना वाटू लागले. ते शब्द 'आंतिंग-आंतिंग' नावाच्या ताइतांवर कोरले गेले. मनिलातील कियापो चर्चच्या आसपास असे ताईत आजही विकले जातात.

ही केवळ अंधश्रद्धा, असे म्हणून मोकळे होणे आम्हास रुचत नाही. १८१५ साली लुकबान येथे जन्मलेल्या आपोलिनारियो दे ला क्रूझ यास धर्मसंघात प्रवेश नाकारला गेला, कारण तो देशी होता. १८३२ साली त्याने संत योसेफाच्या नावे देशी लोकांचा बंधुसंघ स्थापन केला. सरकारने वा चर्चने त्यास मान्यता दिली नाही; उलट सैन्य चालून आले. गोळी आपणास लागणार नाही, या विश्वासाने अनुयायी लढले. नोव्हेंबर १८४१ मध्ये त्यास देहदंड झाला. एकत्र येऊन प्रार्थना करू द्या, एवढेच मागणारे बंडखोर ठरले, ही गोष्ट आम्हास कादंबरीहून अधिक अस्वस्थ करते.

वाचलेले अनुयायी बानाहाव डोंगराच्या आश्रयास गेले. लॅटिन प्रार्थनेच्या अखेरीस येणाऱ्या 'सेकुलोरुम' या शब्दावरून अशा पंथांना 'कोलोरुम' हे नाव पडले. आज त्या देशात विनापरवाना प्रवासी वाहनाला कोलोरुम म्हणतात.