तेजस नेटवर्क्स : मनोऱ्यांची गरज आणि समभागाचा भाव

बिनतारी दळणवळणाच्या चिपची रचना करणाऱ्या आणि शेअर बाजारात नोंदणी झालेल्या भारतीय कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यांपैकी गुंतवणूकदारांत सर्वाधिक वाद ज्या समभागावरून झडले, तो बंगळूरच्या ‘तेजस नेटवर्क्स’चा. ही जागतिक दर्जाची तंत्रज्ञान कंपनी आहे, की एका सरकारी ग्राहकाच्या कंत्राटावर उभी असलेली पुरवठादार, हा या वादाचा गाभा होय.

कंपनीची स्थापना २००० सालची. संजय नायक, कुमार शिवराजन आणि अर्णव रॉय हे तिचे संस्थापक. हुबळीचे गुरुराज देशपांडे यांनी अमेरिकेत सिकॅमोर नेटवर्क्स उभारून नाव कमावले होते. त्यांचे पाठबळ तेजसला आरंभापासून लाभले. प्रकाशतंतूंच्या जाळ्यावरून संदेश वाहून नेणारी उपकरणे हा कंपनीचा मूळ व्यवसाय. जून २०१७ मध्ये प्रत्येकी २५७ रुपये भावाने तिचे समभाग जनतेला विकले गेले. त्यानंतरचा काळ मात्र निराशेचा ठरला. सरकारी येणी रखडली, मागणी आटली आणि मार्च २०२० च्या पडझडीत हाच समभाग तीस रुपयांच्या आसपास मिळत होता.

जुलै २०२१ मध्ये टाटा सन्सच्या पॅनाटोन फिनव्हेस्ट या उपकंपनीने २५८ रुपये भावाने समभाग आणि वॉरंट घेऊन सुमारे १,८५० कोटी रुपये ओतण्याचे ठरविले. टाटांचे नाव जोडले गेले आणि समभागाचे रूपच पालटले. पुढच्याच वर्षी तेजसने बंगळूरच्या ‘सांख्य लॅब्ज’मधील ६४.४ टक्के हिस्सा सुमारे २८४ कोटी रुपयांना विकत घेतला. पराग नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली ही कंपनी बिनतारी चिपची रचना करणारी. रचना येथे करावयाची आणि प्रत्यक्ष चिप परदेशातील कारखान्यात घडवून घ्यावयाची, ही तिची रीत. या क्षेत्रातील बहुतेक कंपन्या याच मार्गाने चालतात. चिपचे वैशिष्ट्य असे की, कोणत्या पद्धतीचे रेडिओ संकेत हाताळावयाचे हे सॉफ्टवेअरने बदलता येते.

सांख्यच्या चिपभोवती गुंतवणूकदारांच्या आशा गुंफल्या गेल्या त्या ‘डायरेक्ट टू मोबाइल’ या योजनेमुळे. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण इंटरनेटविना थेट मोबाइलवर उतरविणारे हे तंत्र. प्रसारभारती आणि आयआयटी कानपूर यांच्या साहाय्याने त्याच्या चाचण्या झाल्या. मे २०२५ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘वेव्हज’ परिषदेच्या सुमारास असे फोन आणण्याच्या घोषणाही झाल्या. परंतु क्वालकॉम, सॅमसंग यांसारख्या बड्या कंपन्यांनी २०२३ मध्येच विरोध नोंदविला होता. फोनची किंमत वाढेल, असा त्यांचा दावा. दूरसंचार सेवा देणाऱ्या कंपन्यांनाही आपला डेटाचा धंदा कमी होईल, ही धास्ती आहेच. चिप उत्तम असूनही फोन बनविणाऱ्यांनी ती बसविलीच नाही, तर तिचे मोल काय, हा साशंक गुंतवणूकदारांचा प्रश्न त्यामुळे रास्त ठरतो.

योजनेचे समर्थक आपत्तीच्या वेळी होणाऱ्या उपयोगाकडे बोट दाखवितात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्याने त्याचा फटका सोसला. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब उन्मळले आणि मोबाइल सेवाही कोलमडली. मुंबईतील चाकरमान्यांना गावच्या घराची खबर मिळेना. दूरच्या उंच प्रक्षेपकावरून सूचना थेट फोनवर पोहोचल्या असत्या, तर ते निश्चितच मोलाचे ठरले असते. मात्र दिवसचे दिवस वीज नसताना फोन चार्ज कोठे करावयाचा, याचे उत्तर कोणत्याही चिपमध्ये नाही. शिवाय प्रक्षेपण एकेरी असते; घरी सूचना येईल, घरची खुशाली बाहेर जाणार नाही.

समभागाला खरी उसळी दिली ती बीएसएनएलने. ऑगस्ट २०२३ मध्ये टीसीएसकडून तेजसला ७,४९२ कोटी रुपयांचे काम मिळाले. बीएसएनएलच्या एक लाख ठिकाणी ४जी आणि ५जीची रेडिओ उपकरणे पुरविण्याचे हे काम. आकडे पाहता पाहता फुगले. २०२२-२३ मध्ये सुमारे ९२२ कोटींवर असलेली उलाढाल २०२३-२४ मध्ये २,४७१ कोटींवर आणि २०२४-२५ मध्ये ८,९२३ कोटींवर गेली. त्या वर्षी ४४७ कोटींचा नफा झाला. जून २०२४ मध्ये समभाग १,५०० रुपयांच्या नजीक पोहोचला होता.

मग पुरवठा संपत आला. मे २०२५ मध्ये आणखी १८,६८५ ठिकाणांसाठी सुमारे १,५२५ कोटींच्या कामाची बातमी आली, पण प्रत्यक्ष खरेदी आदेश लांबला. एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत उलाढाल अवघी २०२ कोटी आणि तोटा १९४ कोटी. पुढील तिमाहीत तोटा ३०७ कोटी. हजारो कोटींची येणी वसूल होईपर्यंत खेळत्या भांडवलासाठी कर्ज काढावे लागले. २०२५ संपताना भाव उच्चांकाच्या निम्म्याहूनही बराच खाली होता. शिखरावर खरेदी केलेल्यांना ‘टाटांचा शेअर आहे, बुडणार नाही’ एवढाच दिलासा उरला. प्रवर्तक भक्कम असला तरी कंपनीला मागणी आयती मिळत नाही, हे मात्र येथे विसरले गेले.

श्रीवर्धनसारख्या तालुक्याकडे पाहिले की या समभागाचे कोडे उलगडते. डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्या यांमुळे येथे मनोरे अधिक लागतात. मनोऱ्यामागे ग्राहक मात्र थोडे. गरज मोठी, उत्पन्न तुटपुंजे. अशा ठिकाणी खाजगी कंपनी आधी हिशेब करते, म्हणून खर्च सरकारलाच करावा लागतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राने सेवेपासून वंचित २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी मंजूर केले ते याच कारणाने. तेजसला काम मिळते ते या खर्चातून, आणि म्हणूनच ते सरकारच्या सवडीने मिळते. मनोरे एकदा उभे राहिले की पुढची मोठी खरेदी नव्या पिढीचे तंत्रज्ञान येईपर्यंत थांबते. अशा उत्पन्नाला वर्षागणिक वाढीचे गणित लावणे हीच २०२४ मधील अनेकांची चूक होती.

आशावादी गुंतवणूकदार क्वालकॉमचे उदाहरण देतात. १९९९ या एका वर्षात त्या समभागाचा भाव पंचवीस पटींहून अधिक वाढला, हे खरे. तथापि क्वालकॉमच्या हाती सीडीएमएची पेटंटे होती; रिलायन्स इन्फोकॉमने २००३ मध्ये ५०१ रुपयांत फोन देण्याची ‘मान्सून हंगामा’ योजना आणली, तेव्हा ती त्याच सीडीएमए तंत्रावर चालत होती. फोन कोणीही बनवो, स्वामित्वशुल्क अमेरिकेत जात असे. असे घरबसल्या उत्पन्न तेजसला नाही. आणि क्वालकॉमच्याही समभागाला जानेवारी २००० चा उच्चांक पुन्हा ओलांडण्यास २०२० साल उजाडले.

तेजसच्या बाजूने सांगण्याजोगे बरेच आहे. देशी रेडिओ उपकरणे लाखभर ठिकाणी चालविण्याचा अनुभव अन्य भारतीय कंपनीजवळ नाही. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी सेवेचे रीतसर उद्घाटन झाले. परदेशी ग्राहकाला दाखविण्यास हा नमुना पुरेसा आहे. जपानच्या एनईसीशी सहकार्याची घोषणाही २०२५ मध्ये झाली. निर्यातीचा आणि खाजगी भारतीय ग्राहकांचा वाटा किती, हा आकडा प्रत्येक तिमाही निकालात नफ्याच्या आकड्याआधी शोधावा लागतो.