भारहूतच्या कठड्यावरील आपली माणसे

कलकत्त्यास बदली होऊन आलेल्या मराठी मंडळींस चौरंगीवरील भारतीय संग्रहालय दाखविण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. पाहुण्यांचे लक्ष ममीकडे असते. आम्ही त्यांस प्रथम भारहूतच्या दालनात नेतो.

इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत श्रीमंत रोमन लोक आपल्या मृतांस संगमरवरी शवपेटिकांत ठेवीत आणि त्यांवर ग्रीक पुराणकथा कोरवून घेत. ऑस्टिया बंदरातील सुतारसंघाचा पुढारी युहोडस याची व त्याची पत्नी मेटिलिया आक्टी हिची पेटिका व्हॅटिकनमध्ये आहे. तीवर पतीच्या बदली मरण पत्करणाऱ्या अल्केस्टिसची कथा असून नायक-नायिकेचे चेहरे मात्र या दांपत्याचे आहेत. कथा परक्यांची, मुद्रा आपली!

स्तूप हेही मुळात अस्थी जतन करण्याचेच स्मारक. भारहूतचा कठडा रोमन पेटिकांहून सुमारे 300 वर्षे जुना. त्यावर जातककथा आहेत, आणि कित्येकींखाली ब्राह्मी लिपीत त्यांची नावेही. जेतवनाच्या वर्तुळापाशी आम्ही नेहमी रेंगाळतो. बैल सोडलेली गाडी, भूमीवर चौकोनी नाणी अंथरणारे नोकर, हातात झारी घेतलेला अनाथपिंडिक. कोटी नाणी अंथरून ही जागा विकत घेतली, असे खाली स्पष्ट लिहिले आहे. कारकुनास असा चोख हिशेब आवडावा, यात नवल नाही.

कनिंगहॅम यांस हे अवशेष 1873 साली आढळले, तेव्हा आसपासच्या लोकांनी पुष्कळसे दगड घरे बांधण्यास नेलेले होते. उरलेले पुढे कलकत्त्यास आले. मूळ जागेवरून शिल्पे हलवावीत की नाही, हा वाद आजही होतो. परंतु तेथे राहिलेल्या दगडांचे काय झाले हे पाहता आम्ही कनिंगहॅम यांच्या बाजूचे आहोत.

भारहूतच्या दात्यांनी कथेत आपले चेहरे घातले नाहीत. नाव आणि गाव तेवढे लिहविले. त्यांत करहकट, म्हणजे आपले कऱ्हाड, हे सबंध नगर दाता आहे. विदर्भातील भोजकट आहे. आणि एका स्तंभाची दाती आहे नाशिकची गोरक्षिता, वसुकाची पत्नी. रेल्वे नव्हती, तेव्हा तिचे दान सातपुडा व नर्मदा ओलांडून सतन्याच्या मुलखात पोहोचले.

पाहुण्यांत कोणी नाशिककर असले, तर त्यांस आम्ही हे नाव दोनदा सांगतो. ममी त्यानंतर.