पिकअपच्या ताडपत्रीखाली कोण बसलंय?

आजच्या एपिसोडची सुरुवात एका फोनने झाली. माझ्या मामांनी गेल्या महिन्यात सेकंडहँड पिकअप घेतली. गाव निफाड तालुक्यातलं. माल म्हणजे कांदा-टोमॅटो, मध्ये वेळ मिळाला तर दुसऱ्याचं भाडं. गाडी दारात येऊन चार दिवस झाले असतील-नसतील, मामांचा फोन. "अरे, तू इंजिनियर ना? मग सांग, हौद्यावर ताडपत्रीच ठेवू की मागून बंद बॉडी करून घेऊ? गॅरेजवाला म्हणतो फायबरचा टप बसवून देतो, एकदम कारसारखी दिसेल."

आता मी सॉफ्टवेअरवाला. पण आमच्या घरी इंजिनियर म्हणजे इंजिनियर, मिक्सर बिघडला तरी मलाच फोन. म्हटलं, दोन दिवस द्या, बघून सांगतो. आणि त्या दोन दिवसांत मी जे वाचत बसलो, त्याचा मामांच्या प्रश्नाशी सुरुवातीला काही संबंधच नव्हता. शेवटी मात्र तो बरोबर त्यांच्या हौद्यात येऊन पोचला.

सुरुवात करू अमेरिकेतून, कारण पिकअपवर छप्पर कसलं घालायचं यावर सगळ्यात जास्त डोकं तिथल्या लोकांनी लावलंय. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्त्यांमध्ये कोनेस्टोगा नावाची मोठी मालगाडी होती. घोडे जुंपलेली, तळ मधोमध खोल आणि दोन्ही टोकांना वर उचललेला. चढ-उतारावर माल घरंगळू नये म्हणून ही युक्ती. वर लाकडाच्या वाकवलेल्या कमानी आणि कमानींवर लिननचं नाहीतर हेम्पचं पांढरं जाड कापड, पाणी आत येऊ नये म्हणून जवसाचं तेल पाजलेलं. इंग्रजीतला 'कॅनव्हास' हा शब्दच मुळी हेम्पच्या, म्हणजे कॅनाबिसच्या नावावरून आलाय. आणि जहाजावर कापडाला डांबर फासायचे त्याचं टारपॉलिन झालं. आपण 'ताडपत्री' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर ताडाचं पान येतं खरं, पण मला तरी त्यात टारपॉलिनचाच मराठी अवतार ऐकू येतो.

पुढे १८४०च्या दशकापासून हजारो कुटुंबं ओरेगनच्या दिशेने पश्चिमेकडे निघाली. त्यांच्या गाड्या कोनेस्टोगापेक्षा लहान, पण कमानी आणि कापड तसंच. सिनेमात आपण बघतो ना, आई-बाबा-पोरं सगळी त्या पांढऱ्या छपराखाली बसून चाललीयत. प्रत्यक्षात बहुतेक माणसं शेकडो मैल गाडीच्या बाजूने पायी चालत होती! कारण आत जागाच नव्हती. पीठ, बेकन, बियाणं, औजारं, सगळा संसार आत. आजारी, म्हातारे, अगदी लहान पोरं तेवढी आत. म्हणजे छप्पर होतं ते मालासाठी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोटारी आल्यावर शेतकऱ्यांनी काय केलं? फोर्डची मॉडेल टी घेतली, मागचा भाग काढला आणि स्वतःच खोका ठोकला. जुगाड फक्त आपल्याकडेच चालतो असं कोणी म्हटलं तर त्याला हे सांगा. हा जुगाड इतका पसरला की १९२५मध्ये फोर्डने स्वतःच कारखान्यातून हौदा बसवलेली गाडी काढली. किंमत २८१ डॉलर. हौदा ५६ इंच लांब, साधारण ४० इंच रुंद आणि फक्त १३ इंच खोल. मागे उघडणारा फाळका. छप्पर नाही! वर काय घालायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

इथून गोष्टीला दोन फाटे फुटतात.

एक फाटा ऑस्ट्रेलियात जातो. तिथे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं अशी गोष्ट सांगतात. मागणी अशी की, रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. रविवारचे कपडे पावसात भिजू नयेत, एवढंच बाईंचं म्हणणं. जीलाँगच्या कारखान्यात लू बँट नावाचा विशीतला डिझायनर होता, त्याने पुढे कारची बंद केबिन आणि मागे तिच्याच अंगातून निघालेला हौदा असं चित्र काढलं. १९३४मध्ये ती गाडी बाजारात आली. तिला तिकडे 'यूट' म्हणतात. यूटच्या हौद्यावर ताणून बसवायचं चपटं कापड म्हणजे टोनो कव्हर. टोनो म्हणजे फ्रेंचमध्ये पिंप. सुरुवातीच्या उघड्या मोटारींचा मागचा बसायचा भाग पिंपासारखा दिसायचा, तो रिकामा असला की धूळ बसू नये म्हणून झाकायचे. माणसांच्या सीटवरचं ते झाकण पुढे मालाच्या हौद्यावर आलं. अशा झाकणाखाली कोणी बसूच शकत नाही, उंचीच नाही.

दुसरा फाटा मात्र उंची देणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रस्ते झाले, सुट्ट्या आल्या, कॅम्पिंगचं खूळ आलं. पिकअपच्या पाठीवर आधी अॅल्युमिनियमची आणि नंतर फायबरग्लासची घरं चढली. लेखक जॉन स्टाइनबेक १९६०मध्ये अशीच जीएमसी पिकअप आणि तिच्यावर छोटं घर घेऊन, आपल्या कुत्र्यासह अख्खी अमेरिका फिरला. गाडीचं नाव त्याने डॉन किहोटेच्या घोड्यावरून रोसिनांते ठेवलं होतं. ज्यांना एवढं नको होतं त्यांच्यासाठी नुसतं टोपण: मागे काचेचं दार, बाजूला खिडक्या, आत गादी टाकली की झालं. याला कुठे टॉपर म्हणतात, कुठे कॅप, कुठे कॅनपी.

बघा काय झालं ते. मालाचं छप्पर हळूच माणसांचं झालं. पण खाली हौदा तोच राहिला! तोच पत्रा, कोपऱ्यात पाणी जायची तीच भोकं, फाळक्याभोवतीची तीच फट, आणि खालून जाणारा तोच सायलेन्सर. कांद्याच्या गोणीला फटीने काही फरक पडत नाही. झोपलेल्या पोराला पडतो.

मंडळी, आता मी ज्या कागदाशी थांबलो तो सांगतो. सिअॅटलच्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९८६ ते १९९१ या काळात त्यांच्याकडे आलेल्या, कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. हा पेपर १९९२मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. अपघाताने बाधा झालेली ६८ मुलं. त्यातली २० पिकअपच्या मागे बसून प्रवास करत होती. या २०पैकी १७ जण कडक, बंद कॅनपीखाली होते. उरलेले तिघं ताडपत्रीखाली.

१५ मुलं बेशुद्ध पडली होती. एक मूल दगावलं. एकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. आणि सगळ्यात जास्त मला लागलेलं वाक्य वेगळंच आहे: प्रत्येक केसमध्ये सायलेन्सरची गळती आधीपासून माहीत होती, नाहीतर धुराचा पाईप बाजूला न निघता थेट मागे निघत होता. प्रत्येक केसमध्ये.

आता हे होतं कसं? गाडी पुढे पळते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथली हवा भोवऱ्यासारखी फिरून परत गाडीकडेच येते. विश्वास बसत नसेल तर पावसाळ्यात कुठल्याही हॅचबॅकची मागची काच बघा, नाहीतर कच्च्या रस्त्यावरून आलेल्या एसटीचा पार्श्वभाग. समोरून स्वच्छ, मागून राड. चिखल मागून ओढला जातो तर धूरही ओढला जाणारच. उघड्या हौद्यात तो वाऱ्याने उडून जातो. झाकलेल्या हौद्यात फटीतून आत येतो आणि जमतो. बरं, गुदमरतंय म्हणून मागची काच उघडली तर बऱ्याचदा आणखी धूर आत!

आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. लक्षणं कोणती? डोकं दुखणं, मळमळ, उलटी, गुंगी, झोप. म्हणजे आपल्याकडे ज्याला 'गाडी लागली' म्हणतात, अगदी तेच! पोरगं मागे उलटी करतंय, मग झोपी गेलंय, पुढे बसलेल्यांना वाटतं बरं झालं, शांत झालं एकदाचं.

हे वाचताना मला आमची जेजुरीची ट्रिप आठवली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. भाड्याचा टेम्पो, खाली गवत, त्यावर सतरंज्या, वर ताडपत्री चारी बाजूंनी करकचून बांधलेली, कारण पाऊस होता. पोरांना फाळक्यापाशी झोपवलेलं. उलट्या झाल्या, डोकी दुखली, आजीने नाकाला कांदा लावला. कदाचित ती खरंच गाडी लागलीच असेल. पण तेव्हा ताडपत्री सोडा असं कोणी म्हणालं नाही, उलट अजून घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी मामांना फोन केला. आधी सरळ मुद्द्याचं बोललो. कांदा न्यायचा असेल तर बंद फायबरचा टप विसरा. कांद्याला वारा लागतो, बंद पेटीत उन्हात उभा राहिला की घाम सुटतो आणि माल सडायला लागतो. टपाची उंची ठरलेली, त्यामुळे क्रेट वर रचता येणार नाहीत, आणि हमाल वाकून वाकून शिव्या देईल. शिवाय बॉडीत असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते, गॅरेजवाला हे सांगणार नाही. लोखंडी कमानी आणि ताडपत्री, पुढून-मागून गुंडाळता येईल अशी. दोनशे वर्षांपूर्वीच्या कोनेस्टोगावाल्याला जे सुचलं तेच.

मामा खूश. "म्हणजे खर्च वाचला की!"

मग मी विचारलं, "मामा, हौद्यात माणसं नेता का?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "अरे, लावणीला बायका असतात ना सकाळच्या. पंधरा-वीस. एखादीचं लेकरू असतं बरोबर. त्या पायी येतील का आता? पाऊस असला की ताडपत्री ओढून घेतात बिचाऱ्या."

मालवाहू गाडीतून अशी माणसं न्यायची परवानगी नाही, हे मामांना माहीत आहे. मला माहीत आहे, आणि नाक्यावर उभ्या असलेल्यांनाही माहीत आहे. पण सकाळी सहाला त्या वस्तीवर दुसरी कुठली गाडी जात नाही हेही सगळ्यांना माहीत आहे. मी पुण्यात एसीत बसून त्यांना कायदा शिकवणार होतो, पण जीभ वळली नाही. एवढंच म्हणालो की पाऊस असू दे, मागून पूर्ण बांधायची नाही. बायकांना रिक्षा करून देता आली तर बघा, अर्धं भाडं मी देतो. लेकरूवाली बाई पुढे केबिनमध्ये.

"आणि गाडी डिझेल आहे ना आपली?" मामांनीच विचारलं. मी त्यांना सिअॅटलची गोष्ट सांगितली होती. हो, डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने बराच कमी असतो, पण धूर तो धूरच, झाकून घेण्यासारखा नक्कीच नाही. आणि छोट्या हत्तीसारख्या गाड्या आता पेट्रोल आणि सीएनजीवरही पळतात, त्यांना तर हे डिझेलचं सांगून सुटका नाही.

"सायलेन्सरचा पाईप कुठे निघतो तुमच्या गाडीचा?" मी विचारलं.

"थांब, बघतो." चपलांचा आवाज आला, मग कुत्रं भुंकलं, मग मामांचा आवाज जरा लांबून, बहुतेक गाडीखाली वाकून बोलत होते. "मागंच निघतोय रे. आणि इथं जॉइंटला काळं पडलंय सगळं. मागच्या मालकानं तार गुंडाळून ठेवलीय."

"उद्या लावणी आहे?"

"आहे."

"मग आज गॅरेजला न्या."