घाटाने शिकवलेला ब्रेक

पूर्वेकडचे नगर-सोलापूरचे रस्ते सोडले, तर पुण्यातून बाहेर पडणारी वाट कुठे ना कुठे घाटाला भिडतेच. मुंबईला जायचं तर बोरघाट, साताऱ्याला कात्रज आणि पुढे खंबाटकी, सासवडला दिवे घाट, कोकणात उतरायला ताम्हिणी किंवा भोरवरून वरंध. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना खुला झाला. पुढच्या शतकात बैलगाड्यांच्या त्या वळणांवर मोटारी आल्या. घाट उतरून आलेल्या गाड्या शहरातल्या गॅरेजात एक ठरलेली तक्रार घेऊन उभ्या राहू लागल्या : ब्रेक लागतो, पण पॅडल पायाखाली थरथरतं.

ही तक्रार सर्वांत जास्त सांगितली जीपने.

१९४१ पासून बनू लागलेल्या विलीज जीपला चारही चाकांवर ड्रम आणि तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्कराने काढून टाकलेल्या जीप लिलावातून नागरी हातांत गेल्या. १९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. पुणे हे लष्कराच्या दक्षिण कमांडच्या मुख्यालयाचं आणि खडकीच्या लष्करी वर्कशॉपचं शहर. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जीपपाठोपाठ जबलपूरची जोंगाही लष्करातून निवृत्त होऊन लोकांच्या दारात आली. या गाड्यांची माहितीपुस्तकं क्वचितच सोबत येत. त्यामुळे मेस्त्रीला गाडी उघडूनच शिकावी लागे. विलीजच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, हेही अनेकांना स्टड तुटल्यावरच कळलं.

थरथर पॅडलपर्यंत पोचते कशी, हे एकदा समजलं की बाकीचं सोपं होतं. ड्रमची गोलाई बिघडली, की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो ब्रेक शू मागे ढकलतो. शू सिलिंडरमधलं तेल ढकलतो आणि तेल मास्टर सिलिंडरमार्गे पायाला धक्का देतं. म्हणजे धक्क्यांची गती चाकाच्या गतीला बांधलेली असते. जीपचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला सात-साडेसात धक्के, ३० ला त्याच्या निम्मे. गाडी थांबत आली की धक्के मोजता येतील इतके विरळ होतात. याउलट प्रॉपेलर शाफ्ट चाकाच्या एका फेऱ्यात जवळजवळ पाच वेळा फिरतो. त्यातला दोष बारीक गुणगुणीसारखा जाणवतो. जाणत्या मेस्त्रीने शेजारी बसून एक चक्कर मारली की अर्धं निदान होतं ते याच हिशेबाने, मग तो त्याने कागदावर मांडलेला असो वा नसो.

उरलेलं अर्धं निदान प्रश्नांतून होतं. स्टिअरिंग हलतं का? मग पुढची चाकं बघायची. सीटखाली धडधड आहे? मग मागची. गाडी फोर व्हीलमध्ये राहिली आहे का, हे तर आधीच विचारायला हवं. जुन्या जीपमध्ये पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांत अडकतात, कोरड्या डांबरावर ताण साठतो आणि सुटताना गाडी हिसके देते. त्याचं खापर ब्रेकवर फोडण्यात अर्थ नाही. किंगपिन आणि चाकाच्या बेअरिंगला प्ले आला असेल, तरी पुढचं चाक ब्रेक लागताच डगमगतं.

हँडब्रेकच्या चाचणीने तर कितीतरी जणांना चकवलं असेल. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात फक्त हँडब्रेक हलकेच ओढायचा. थरथर आली तर दोष मागच्या ड्रममध्ये, हा नियम अनेक मोटारींना लागू पडतो. पण विलीजचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतोच. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर बसतो. तिथे ही चाचणी चाकाच्या ड्रमबद्दल काहीच सांगत नाही.

दोष ड्रममध्ये सापडला, की ड्रम निघाला लेथवर. ‘ड्रम आउट झालाय, एक कट मारून आणा’ हे वाक्य गॅरेजच्या भाषेत मुरलेलं आहे. टर्नर ड्रम धरतो, पातळ कट घेतो, गोलाई परत येते, नवे लायनर रिव्हेट करून बसवले जातात. हे काम चोख झालं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण या उपायावर गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवली गेली, हेही खरंच. प्रत्येक कटने ड्रम पातळ होतो. पातळ ड्रम लवकर तापतो, तापला की लवकर वाकडा होतो आणि पुन्हा लेथवर येतो. शिवाय घाटात लालबुंद तापून थंड झालेल्या बिडाच्या ड्रममध्ये काही जागा काचेसारख्या कडक होतात. लेथची हत्यारं त्यांच्यावरून उडी मारतात. ड्रम चकचकीत होऊन येतो, पण ते कडक ठिपके तसेच उंच राहतात आणि महिन्याभरात थरथर परत येते. तिथे ग्राइंडिंग लागतं, नाहीतर नवा ड्रम. पूर्वी लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर हवेच्या झोताने उडवलेली ती धूळ शेजारच्या पोऱ्याच्या छातीत जात होती, याचा विचार फार उशिरा झाला.

१९९१ ची टाटा सिएरा आणि १९९८ ची सफारी पुण्यातच बनल्या. सफारीसारख्या गाड्यांमुळे पुढच्या चाकांवर डिस्क असलेली फोर बाय फोर गॅरेजात येऊ लागली आणि थरथरीचं कारणही बदललं. डिस्क ‘तापून वाकली’ असं सर्रास म्हटलं जातं, प्रत्यक्षात बहुतेक वेळा तिची जाडी जागोजाग बदललेली असते. हबवर गंज राहिला किंवा चाकाचे नट समोरासमोर न आवळता ओळीने आवळले, तर डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक न लावताही ती प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी घासते. हजारो किलोमीटरनंतर तिथे केसाच्या जाडीहूनही कमी फरक पडतो आणि तेवढा पायाला जाणवायला पुरतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पॅडखालचा गंजाचा डाग हेच काम करतो. म्हणून डायल गेज लावून आधी हब मोजायचा आणि मग डिस्क. न मोजलेल्या जुन्या हबवर नवी डिस्क चढवली, तर ग्राहकाचे पैसे वाया जातात.

या सगळ्याचं शास्त्रीय मोजमाप शहरातच, वेताळ टेकडीवर होतं. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही देशातल्या वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था तिथे आहे. ब्रेक किती अंतरात गाडी थांबवतो आणि तापल्यावर किती उरतो, याची परीक्षा नवी गाडी रस्त्यावर येण्याआधी होते. चाळीस वर्षं जुन्या जीपची परीक्षा मात्र अजूनही कात्रजच्या उतारावरच होते.

अशा जीपचा ड्रम आता सहज मिळत नाही. नाना पेठेतल्या दुकानांत नाही मिळाला, तर शोधणाऱ्याचे पाय मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराकडे वळतात. बुधवारी आणि रविवारी तिथे फूटपाथवर लोखंड मांडलेलं असतं. पारखी माणूस आधी व्हर्निअरने ड्रमचा आतला व्यास दोन-तीन ठिकाणी मोजतो. मग ड्रम बोटावर टांगून हातोडीने हलकेच ठोकतो. घंटेसारखा स्वच्छ नाद आला, तर तो भाव विचारतो. बद्द आवाज आला, तर आत कुठेतरी चीर आहे. ड्रम परत फूटपाथवर जातो.