सावली आणि छायाचित्र

‘प्रकाशानें लिहिणें’ असा ज्या कलेच्या युरोपीय नांवाचा अर्थ, तिला आपल्या भाषेनें छायाचित्रण म्हटलें. त्यांनीं उजेड घेतला, आपण सावली घेतली. १८३९ सालीं पॅरिसमध्यें दागेरची रीति जाहीर झाली आणि १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रणाची संस्थाहि निघाली. तथापि या कलेचें मोल ठरवावयाचें तर मुंबईपेक्षां मूल-गडचिरोली रस्त्यावरील सावली हें गांव आम्हांस अधिक उपयोगी वाटतें, आणि तें केवळ नांवाच्या योगायोगामुळें नव्हे.

सावली हें खादीचें केंद्र. १९३६ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चच्या आरंभीं गांधी सेवा संघाचें संमेलन तेथें भरलें. गांधीजी उपस्थित होते. आदल्याच वर्षीं चरखा संघानें कातणारांस निर्वाहापुरती मजुरी देण्याचें धोरण स्वीकारलें होतें. मजुरी वाढली कीं खादी महागणार, महागली कीं गिऱ्हाईक हटणार. मग जादा सूत कोणी घ्यावें? हा पेंच खेड्यांतल्या बाईच्या चुलीपर्यंत पोंचणारा होता. आतां कातणारीचें चित्र घ्या. हात दिसतो, चाती दिसते, लुगड्याचें ठिगळहि दिसतें. मजुरी कोठें दिसते?

पुढें सेवाग्रामांत कनु गांधींनीं कॅमेरा हातीं घेतला. घनश्यामदास बिर्लांनीं दिलेल्या शंभर रुपयांतून तो आला. गांधीजींच्या अटी तीन: झगझगीत कृत्रिम प्रकाश नको, कोणी चित्रासाठीं मुद्दाम बसावयाचें नाहीं, आणि आश्रम खर्च देणार नाहीं. त्या काळच्या मंद फिल्मवर झोपडींतल्या उजेडांत काय उमटणार? कित्येक चित्रें काळवंडलेलीं, हललेलीं आहेत. आम्हांस तीं अधिक विश्वसनीय वाटतात. निदान कोणाच्या सोयीसाठीं माणसें थांबविलेलीं नाहींत.

याच्या उलट १९४६ सालचें मार्गारेट बोर्क-व्हाइट यांचें पुण्यांतील जगप्रसिद्ध चित्र पाहा. तें घेण्यापूर्वीं बाईंना चरखा चालविण्यास शिकावें लागलें. अट मोठी मार्मिक! परंतु चित्रांत चरखा पुढें उभा आहे आणि गांधीजी मागें बसून वाचीत आहेत. चरख्याच्या या सर्वांत गाजलेल्या चित्रांत कोणीच कातीत नाहीं, हें किती जणांच्या ध्यानांत येतें?

सावलीकडच्या एका घरीं आम्हांस एक जुनें चित्र दाखविण्यांत आलें. ओसरी, चरखा, खालीं मान घातलेली एक स्त्री. ओसरी कोणती, याविषयीं घरांत एकमत. पण ती बाई आजी कीं आजीची जाऊ, यावर मायलेकांत वाद जुंपला. आम्ही चित्र उलटून पाहिलें. मागची बाजू कोरी होती. आई म्हणाली, “हातावरून आत्याबाईच वाटतात.” लेकानें पेन्सिल आणली, आणि ती हातांत धरून दोघेंहि पुन्हा चित्राकडे पाहूं लागलीं.